चौसष्ट मुलं, एक काका

…आणि वर मलाच विचारतात, “तुम्ही हिच्या कोण?”

मला विचारतात! जिच्या डाव्या खांद्यावर एका लाळेच्या डागाने गेली तीन वर्षं मुक्काम ठोकलाय, जी पलीकडच्या खोलीतून नुसत्या खोकल्यावरून सांगते की हा खरा आहे की नाटकाचा, तिला विचारतात, कोण! आणि विचारणाऱ्या कोण, तर पाळणाघराच्या दारावरच्या ताई, ज्या रोज सकाळी माझ्याच हातातून पोरीला घेतात, रोज संध्याकाळी माझ्याच हातात देतात, आणि मधल्या वेळात तिने किती खाल्लं, किती सांडलं, कुणाला चावली ते मलाच सांगतात... त्यांनी हातातल्या टॅबकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग परत टॅबकडे, आणि म्हणायचं, “मॅडम, यादीत तुमचं नाव नाही.” आत पोरगी एकशे दोन तापाने फणफणलेली, काचेला गाल लावून बघतेय, आणि बाहेर मी, तिची कोणीच नाही.

आता चूक कुणाची हे खरं तर शेवटी सांगायचं असतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. माझी. माझीच चूक. एका ओळीची. तुम्हाला सांगते, एकच तर ओळ होती!

थांबा, असं नाही कळायचं, पहिल्यापासून सांगते. मी प्रोग्रॅम लिहिते. म्हणजे लिहायचे, मग ढब्बू झाली (खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त डॉक्टरांच्या फायलीवर असतं), मग दीड वर्ष मी नुसत्या बाटल्या उकळल्या, आणि परत कामावर गेले तेव्हा स्वतःचा पासवर्डसुद्धा आठवेना. तेव्हापासून मला एक शंका आहे, की बाळंतपणात माझ्या मेंदूचा एक तुकडा बाहेर आला आणि तो परत बसवायचा राहूनच गेला. कुणाला बोलून दाखवत नाही. तुम्हालाच सांगतेय.

आमचं ऑफिस छोटं, माणसं पाच. त्यातले सगळ्यात अनुभवी ते गुरुजी. पेशाने गुरुजी नाहीत हो, पण बोलतात असं, की समोरच्याला आपली पाटी फुटल्यासारखं वाटतं. तर ढब्बूच्या पाळणाघराचा प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसने केलाय आणि तो सांभाळते मी. काम काय, तर मुलाला घरी कोणी न्यायचं त्याची यादी. प्रत्येक मुलाचं एक पान, आणि त्याखाली ज्यांना परवानगी त्यांचे फोटो. आई, बाबा, आजी, मावशी, शेजारची काकू.

आता यात मेख अशी, की एका मुलाला न्यायला चार माणसं येऊ शकतात आणि एक माणूस चार मुलांना नेऊ शकतो. जुळ्यांची आजी एकच असते, दोन चुलत भावंडांचा काका एकच असतो. याला आमच्यात मेनी-टू-मेनी म्हणतात. म्हणजे माणसाचं नाव मुलाच्या रकान्यात कोंबता येत नाही की मुलाचं माणसाच्या. मग मध्ये एक तिसरा तक्ता ठेवायचा आणि त्यात नुसत्या जोड्या लिहायच्या. हे मूल, ही आई. हे मूल, ही आजी. सगळ्यांची सगळी नाती त्या एका तक्त्यात. आणि त्या तक्त्याशी मी थेट बोलत नाही, मध्ये एक मध्यस्थ आहे, ओआरएम. मी त्याला माझ्या भाषेत सांगते, तो आत डेटाबेसला त्याच्या भाषेत सांगतो. फार नम्र, फार कष्टाळू, उलटून एक शब्द विचारत नाही. आणि घरात काय नि कामावर काय, उलटून न विचारणारं माणूस फार धोक्याचं, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

तर गुरुवारी दुपारी पाळणाघराचा निरोप आला. उद्यापासून व्हॅन सुरू, व्हॅनवाले काका मुलांना घरी सोडतील, त्यांचं नाव सगळ्यांच्या यादीत घाला. सोबत फोटो. मिशा अशा भरघोस, की चेहरा त्यांच्या मागे उभा असल्यासारखा. मुलं चौसष्ट. हाताने चौसष्टदा कोण घालणार? मी मध्यस्थाला सांगितलं, एकेक मूल घे, त्याची यादी म्हणजे काका, जतन कर, पुढचं मूल घे. दोन वाजून दहा मिनिटांनी चालवलं. चौसष्ट हिरव्या खुणा. एक तक्रार नाही, एक लाल अक्षर नाही. मी खुर्चीत रेलून स्वतःवर इतकी खूश, म्हटलं तो मेंदूचा तुकडा आला वाटतं परत!

तुम्ही म्हणाल, मग चुकलं काय? अहो, सांगायचं होतं ‘यादीत काकांना घाल’. त्याला शब्दच वेगळा आहे, अ‍ॅड. मी सांगून बसले ‘यादी म्हणजे काका’. मध्यस्थाने काय करावं? जुनी यादी काढली, नवी शेजारी ठेवली आणि ताडून बघत बसला. नव्या यादीत आई आहे? नाही. खोडा. बाबा? खोडा. आजी? खोडा. चौसष्ट मुलांच्या आया, बाप, आज्या, आत्या, शेजारणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्यांची नाती तोडली आणि मला येऊन सांगितलं काय, तर ‘यशस्वी’. एकच तर ओळ होती!

यातलं मला तेव्हा काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी चहा पीत होते.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन. ढब्बूला ताप, कान धरून रडतेय, घेऊन जा. आता ‘ताप’ हा शब्द फोनवर ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर थेट शेवटचं पान उघडतं, मधली पानं मला दिसतच नाहीत. लॅपटॉप पिशवीत कोंबला, नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला निघतो पण अर्धा तास लागेल, टॅक्सी पकडली, टॅक्सीत मनातल्या मनात दोनदा दवाखान्यात भरती करून झालं, आणि चार पंचवीसला दारात. आणि दारात त्या ताई. आम्ही आया आपसात त्यांना फौजदार म्हणतो. का, ते आता सांगायला नको.

मी म्हटलं, “अहो ताई, मी ढब्बूची आई.”

फौजदार म्हणाल्या, “ते मला माहीत आहे हो. पण यादीला माहीत नाही.”

मी ओळखपत्र दाखवलं. फोनमधले ढब्बूचे फोटो दाखवले, जन्मापासूनचे, एक तर असा दाखवला जो कुणालाच दाखवायचा नसतो. त्या मान हलवत होत्या, हळहळत होत्या, आत जाऊन तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलून येत होत्या, पण दार? दार नाही. आणि मी भांडणार तरी कशी? सहा महिन्यांपूर्वीच्या पालकसभेत एका आजोबांनी भाबडेपणाने विचारलं होतं, की आईला तर तुम्ही ओळखताच, तिला कशाला हवी यादी? तेव्हा उठून उभं कोण राहिलं? मी! काय तो आवेश, “आईलासुद्धा यादी हवी. ओळख म्हणजे पुरावा नव्हे. नाव नाही तर मूल नाही.” टाळ्या पडल्या हो. मोठ्या बाईंना, म्हणजे पाळणाघर ज्यांचं आहे त्यांना, ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते निळ्या अक्षरांत रंगवून दारावर लावलं. मी त्याच्याच खाली उभी होते. आणि प्रोग्रॅममध्ये पूर्वी एक बटण होतं, ‘ताईंच्या जबाबदारीवर सोडावे’ असं. ते कोणी काढलं? माणूस भावनेच्या भरात दाबतो म्हणून काढून टाका, असं कोण म्हणालं? जाऊ दे.

मोठ्या बाई खाली आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, “नियम तुमच्यासाठी मोडला, तर उद्या कुणासाठी पाळू?” मलाच आणखी एकदा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

शेवटी मी म्हटलं, बरं, माझं नाव नाही, मग आहे तरी कुणाचं? फौजदारांनी टॅब माझ्याकडे फिरवला. ढब्बूचा फोटो, आणि खाली... मिशा. पुढचं पान काढलं. सशाचं दप्तर घेऊन येणारा मुलगा, खाली मिशा. जुळ्या, दोघींच्या खाली मिशा. सरकवत गेले, सरकवत गेले, बोट दुखायला लागलं. चौसष्ट मुलं आणि चौसष्ट वेळा तेच काका, मिशीत हसतायत.

कळलं. पायरीवर बसले. कारण बघा ना, चौसष्ट लेकरं, आणि त्यांना इथून घेऊन जायची परवानगी अख्ख्या जगात एका माणसाला, ज्याला आमच्यापैकी कुणी अजून डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. आणि पाच वाजता पालक यायला लागणार. घड्याळात चार पस्तीस.

आणि तेवढ्यात ते आले. काका. साक्षात! उद्या मुलं बसवायची म्हणून दरवाजापर्यंत व्हॅन येते का ते बघायला. फौजदार ताठ उभ्या राहिल्या आणि अदबीने म्हणाल्या, “या काका. कुठलं मूल नेताय?”

मी धावले. म्हटलं काका, एवढं करा, आत जा, ती काचेपाशी उभी आहे ना तिला घ्या, बाहेर आणा आणि माझ्याकडे द्या, दहा पावलांचं काम आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. टॅबवर वाकले. सावकाश बघितलं. मग म्हणाले, “पण बाई, इथं तर मीच आहे. तुम्ही हिच्या कोण?” म्हटलं आई. म्हणाले, “असाल. पण लेकराचा मामला आहे, अनोळखी बाईच्या हातात कसं देऊ? उद्या माझा पहिला दिवस आहे.” असा संताप आला मला... आणि तुम्हाला खरं सांगते, त्याच वेळी असंही वाटलं की माणूस बरा निवडलाय.

मग पायरीवर बसून गुडघ्यांवर लॅपटॉप उघडला आणि गुरुजींना फोन लावला. गुरुजी त्या दिवशी रजेवर, दाताच्या डॉक्टरांकडे रांगेत. त्यांचा तो संथ आवाज, “आधी दोन्ही हात कीबोर्डवरून काढ. काढलेस?” काढले. “आता सांग.” सांगितलं. पलीकडून कुणाचा तरी दात कोरल्याचं घर्रर्र... मग म्हणाले, “म्हणजे तू यादीत घातलं नाहीस, यादीच बदललीस.” हो. “चौसष्टच्या चौसष्ट.” हो. “किती ओळी?” म्हटलं, गुरुजी, एकच तर ओळ होती. तर म्हणतात, “वीस वर्षांत इतक्या कमी अक्षरांत इतकं काम उरकलेलं मी पाहिलं नाही.”

पण उपाय सोपा निघाला. काल रात्रीची प्रत होती, ती अख्खी परत टाकायची की सगळे आईबाप आपापल्या जागी. दोन मिनिटं. मी हात कीबोर्डवर ठेवला... आणि तसाच उचलला.

सकाळी अकराला एका आईचा फोन आला होता. त्या सशाच्या दप्तरवाल्याची आई. तिने सकाळीच आपल्या फोनवरून यादीतलं एक नाव काढलं होतं (काढता पालकांना येतं, घालायचं ते आमच्या ऑफिसातूनच), मुलाच्या बापाचं. का, ते मी विचारलं नाही. कोर्टाचा कागद आहे एवढंच ती बोलली, आणि दर गुरुवारी तोच न्यायला येतो, म्हणून आजच काढायचं होतं. आवाज एकदम सपाट, इस्त्री केल्यासारखा. फक्त शेवटी म्हणाली, “नक्की गेलं ना? परत नाही ना येणार?” आणि मी काय म्हणाले असेन? “नाही येणार. माझा शब्द.”

काल रात्रीच्या प्रतीत तो होता. फोटोसकट.

गुरुजी म्हणाले, मग अख्खी टाकू नकोस, एकेक जोडी घाल. आज पालकांनी काय काढलं त्याची नोंद प्रोग्रॅममध्ये असतेच, ती नावं वगळ. आणि दुपारनंतर ऑफिसातल्या कुणी एखादी यादी दुरुस्त केली असेल तर त्यावर आपली रेघ ओढू नकोस, ज्या मुलाच्या यादीत काकांशिवाय आणखी कोणी दिसेल ते मूल सोडून दे. “आणि हे बघ,” म्हणाले, “अ‍ॅड.” तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

चार बेचाळीस. आता पुढचं लपवत नाही. सगळ्यात आधी मी स्वतःचं नाव घातलं. ढब्बू आणि मी, एक जोडी. ती ओळ मी तीनदा वाचली. फौजदारांनी टॅब पाहिला, म्हणाल्या, “आलं हो नाव,” आणि दार उघडलं. पोरगी अंगावर आली ती नुसती भट्टी. मानेत तोंड खुपसलं. रडलीसुद्धा नाही, तेच मला सोसवेना.

आणि बघा, तिथे मी उठून गेले असते तर? दवाखाना दहा मिनिटांवर. माझं मूल माझ्याकडे. बाकी त्रेसष्ट कुणाची का असेनात... मी पाच मिनिटं तिला तशीच थोपटत बसले, आणि ती पाच मिनिटं मी फार काही चांगली बाई नव्हते.

नवरा आला. “चल, टॅक्सी उभी आहे.”

मी म्हटलं, “तू घेऊन जा.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी परक्या घरात शिरलेय. “तू येत नाहीस?” तिच्या बोटांत माझी कॉलर. एकेक बोट सोडवलं मी. नंतर सांगते म्हटलं, डॉक्टरांना कान बघायला सांग. टॅक्सी वळेपर्यंत तिचा आवाज येत होता, आता मात्र रडत होती, आई आई करून, आणि मी मान खाली घालून टाइप करत होते. घरी माझ्याबद्दल ज्या काही शंका असतील त्या सगळ्या त्या दिवशी मिटल्या असतील.

पाच वाजले. पालक जमायला लागले. फौजदार प्रत्येकाला तेच, “नाव नाही.” एकेकाचे आवाज चढायला लागले, आतली मुलं खिडकीत, बाहेरचे आईबाप फाटकात, आणि मध्ये काका अंग चोरून उभे, कारण सगळे त्यांच्याकडेच बघत होते. एक आजी माझ्या शेजारी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, “कॉम्प्युटरवर कोण बिनडोक बसवलंय कुणास ठाऊक.” मी म्हटलं, “हो ना.” काय म्हणणार? बोटं चालू होती. आधी एकाच मुलावर करून बघितलं. आई आली, बाबा आला, काका तसेच. मग आज काढलेली नावं पाहिली. तीनच होती. ती वगळली. वगळली आहेत का ते बघितलं. परत बघितलं. दोन वाजता एवढं बघितलं असतं तर! एकच तर ओळ होती...

पाच वाजून नऊ मिनिटांनी चालवलं. टॅबवर चेहरे उगवायला लागले. फौजदार नावं पुकारायला लागल्या, दार उघडायला लागलं, जुळ्या गेल्या, त्या आजींचा नातू गेला. 

आणि मग एक माणूस पुढे आला. साधा, हातात रंगपेटी, कागदात बांधलेली. सशाच्या दप्तरवाल्याचं नाव सांगितलं. फौजदारांनी टॅबकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. “यादीत तुमचं नाव नाही.”

तो म्हणाला, “मी बाप आहे त्याचा.”

“ते मला माहीत आहे हो,” फौजदार म्हणाल्या, आणि टॅब छातीशी धरला.

पाऊण तासापूर्वी मी ह्याच फरशीवर, ह्याच पाटीखाली हेच बोलले होते, जवळजवळ ह्याच आवाजात. तो चांगला की वाईट, मला काय ठाऊक? मला फक्त सकाळचा तो सपाट आवाज ठाऊक होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी समोरच बसले होते म्हणून, आणि मी लॅपटॉपकडे बघितलं, जिथे आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. रंगपेटी पायरीवर ठेवून तो गेला. थोड्या वेळाने ती आई आली, तिचं नाव होतं, मुलगा घेतला, गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. रंगपेटी फौजदारांनी उचलून आत नेली.

ढब्बूचा कान निघाला. म्हणजे कानात दोष निघाला, ताप औषधाने तीन दिवसांत उतरला. गुरुजींनी मला काही बोलायचं म्हटलं तरी त्यांचा जबडा दोन दिवस सुजलेला होता, देव आहे. आणि मी म्हटलं, चला, निभावलं! चौसष्ट लेकरं आपापल्या घरी, एकही चुकीच्या हातात नाही, एकाही नात्याला धक्का नाही.

सोमवारी ढब्बू परत पाळणाघरात. संध्याकाळी नवरा आणायला गेला आणि तिथून त्याचा फोन, अगदी शांत, जास्तच शांत. “मला सांगतायत, मी हिचा कोणी नाही.”

अहो, गुरुजींनी काय सांगितलं होतं? ज्या मुलाच्या यादीत काकांशिवाय आणखी कोणी असेल ते मूल सोडून दे. यादी अर्धीच राहिलेलं असं मूल चौसष्टांत किती? एक. जिच्या आईने सगळ्यांच्या आधी घाईघाईने स्वतःचं नाव घालून घेतलं ती. बाकी त्रेसष्ट घरं सांधली मी, आणि माझं सोडून दिलं.

नवऱ्याला समजावता आलं. त्याने दोन दिवस तोंड फुगवलं आणि सोडून दिलं. पण सासूबाई? त्या मंगळवारी हौसेने गेलेल्या, नातीला सरप्राइज म्हणून, आणि फाटकातून परत आल्या. मी त्यांना मेनी-टू-मेनी समजावलं, मधला तक्ता समजावला, ओआरएम समजावलं, कागदावर बाण काढून दाखवले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या व्हॅनवाल्याचं नाव ठेवलंस, आणि माझं तेवढं आपोआप गेलं.”

मी बाणांचा कागद घडी घालून ठेवला.

दोन जोड्या घालायच्या आहेत फक्त, नवरा म्हणतो, अर्धं मिनिट लागेल तुला. लागेल ना. पण मी लॅपटॉप उघडते, बोट त्या बटणापर्यंत नेते, आणि मग म्हणते, राहू दे बाई, काका सोडले तर तिच्या पानावर मी एकटीच आहे, असू दे थोडे दिवस... पंधरा दिवस झाले, रोज मीच जातेय आणायला.